दाब कमी, कीं निरोप कमी?

घरांत एखाद्याचें दुखणें लांबलें म्हणजे मंडळींचीं तोंडें जशीं होतात, तशीं आमच्या घरांतील मंडळींचीं तोंडें २०२५ सालच्या महाशिवरात्रीनंतर जवळजवळ दोन महिने एका मोटारगाडीपायीं झालीं होतीं. गाडी २००८ सालची, डिझेलची, सात माणसें बसतील अशी. आमच्या थोरल्या बंधूंनीं, दादांनीं, सेवानिवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून ती घेतली. २०२३ सालीं नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली, तेव्हां रीतसर तपासणी होऊन आणखी ५ वर्षांचें नूतनीकरण मिळालें. दादा आतां नाहींत. त्यामुळें ती गाडी ठेवावी कीं काढावी हा प्रश्न आमच्याकडे निव्वळ हिशेबाचा राहत नाहीं, हें वाचकांस निराळें सांगावयास नको.

महाशिवरात्रीस गुहागरास व्याडेश्वराचें दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशीं आम्ही कऱ्हाडास परतत होतों. सूनबाई गाडी चालवीत होती, शेजारीं मी, मागें वहिनी, ८६ वर्षांच्या आत्याबाई, आमचें कुटुंब आणि दोन नातवंडें. पोफळी मागें टाकून कुंभार्ली घाटाची चढण लागली, आणि तिसऱ्या कीं चवथ्या वळणावर इंजिन एकाएकीं थांबलें. ना आचका, ना धूर; समई मालवावी तसें. स्टिअरिंग दगडासारखें जड झालें. येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों, कारण ती आमच्यापैकीं कोणासच धड ठाऊक नव्हती. इंजिन थांबलें कीं स्टिअरिंगला मिळणारें यंत्राचें साहाय्य थांबतें. आणि ब्रेकच्या मदतीस असणारी निर्वातशक्तिहि इंजिनावर चालणाऱ्या पंपाकडूनच येत असल्यामुळें दोनतीन वेळां पाय दाबला कीं संपते. ब्रेक राहतो, पण तो पुढें केवळ पायाच्या बळावर लावावा लागतो. मागें मालानें लादलेला ट्रक होता. सूनबाईनें दोन्ही पाय ब्रेकवर रोवले, हातब्रेक ओढला, आणि मोठ्या नातवानें उडी टाकून मागच्या चाकाखालीं धोंडा लावला. आत्याबाईंचा जप तेवढा ऐकूं येत होता.

मिनिटाभरानें किल्ली फिरवली तों इंजिन सुरू. जणूं कांहीं झालेंच नव्हतें! दोन वळणें पुढें गेलों, पुन्हां तोच प्रकार. घाटमाथा येईपर्यंत असें पांच वेळां झालें आणि पांचहि वेळां तोच धोंडा लावला. हेळवाकपासून कऱ्हाडापर्यंतच्या सपाट रस्त्यानें मात्र गाडी एकदांहि अडली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं शहरांतील एका मोठ्या, चकचकीत गॅरेजांत गाडी नेली. तेथील तरुणानें स्कॅनर लावला, आंकडा उतरवून घेतला, आणि पाव तासांत निदान सांगितलें: "रेलमध्यें दाब कमी पडतोय. पंप गेलाय. चारहि इंजेक्टर बरोबरच बदला." खर्चाचा अंदाज १ लाख ४० हजार रुपये. गाडी विकली असती तर तेवढे आले असते कीं नाहीं याची शंकाच. पुण्याहून पुतण्याचा फोन आला कीं, काका, आतां मोडींत द्या. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. उठून देवघरांत गेल्या. त्यांचें तें न बोलणें मला अधिक लागलें, आणि पैसे मोजण्यापूर्वीं किंवा गाडी मोडण्यापूर्वीं या निदानांत तथ्य किती तें पाहावयाचें असें मीं ठरविलें.

आतां थोडें इंजिनाविषयीं. ज्यांनीं कधीं बॉनेट उघडून पाहिलें नाहीं त्यांनींहि हा भाग गाळूं नये. त्यांत कठीण असें कांहीं नाहीं. सायकलला हवा भरतांना पंपाचें बूड तापतें हें सर्वांनीं अनुभविलें आहे. हवा दाबली कीं तापते. डिझेल इंजिनांत ती इतकी दाबतात कीं तिचें उष्णमान ५०० अंशांच्या पलीकडे जातें, आणि त्या तप्त हवेंत तेलाची बारीक फवार सोडतांच ती आपोआप पेट घेते. पेट्रोल इंजिनास लागणारी ठिणगी येथें लागत नाहीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९२ सालीं या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन समाधानकारक रीतीनें चाललें. पुढें कित्येक दशकें तेल किती व केव्हां सोडावयाचें हें दांत्यांचीं चक्रें आणि स्प्रिंगा यांच्या बळावर पंपच ठरवीत असे. अशा गाडीचा दोष कानानें ओळखतां येई. १९९७ सालीं आल्फा रोमिओ १५६ या गाडीच्या रूपानें ‘कॉमन रेल’ नांवाची निराळी रचना प्रवासी मोटारींत प्रथम बाजारांत आली, आणि आमची गाडी त्याच वंशांतली.

रेल म्हणजे एक जाड पोलादी नळी. पंपानें तींत डिझेल दाबून भरून ठेवावयाचें, आणि चारहि इंजेक्टरांनीं त्या सामाईक कोठींतून आपापल्या वेळीं आपापला वांटा घ्यावयाचा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना ही व्यवस्था समजण्यास अडचण पडूं नये. कोठीच्या किल्ल्या मात्र संगणकाच्या कमरेला. कोणी, केव्हां, किती घ्यावें हें तो क्षणाच्या सहस्रांशांच्या हिशेबानें सांगतो. इंजिन नुसतें चालू असतां रेलमधील दाब २५० ते ३०० बार असतो, आणि जोरावर असतां त्या पिढीच्या इंजिनांत १३५० ते १६०० बारपर्यंत चढतो. एक बार म्हणजे साधारणपणें आपल्या सभोंवतालच्या हवेचा दाब. पॅसिफिक महासागराच्या सर्वांत खोल गर्तेच्या तळाशीं पाण्याचा दाब सुमारें ११०० बार आहे, यावरून कल्पना यावी. जुने मेकॅनिक चालू इंजिनावर एकेका नळीची चाकी सैल करून कोणता सिलिंडर चुकतो तें पाहत. ती विद्या या इंजिनावर कोणीहि चालवूं नये. केसाएवढी धार कातडी भेदून आंत शिरते, आणि वर टोचल्यासारखी खूण दिसली तरी आंतून तें शस्त्रक्रियेचें प्रकरण होतें.

आतां या कारभारी संगणकाची मौज अशी कीं, तो स्वतः आंधळा आहे. कोठींत दाब किती आहे हें त्याला रेलवर बसविलेला एक सेन्सर सांगेल तेवढेंच कळतें. या सेन्सरला तीन तारा: एकींतून संगणक त्याला ५ व्होल्टांचा शिधा पुरवितो, दुसरी परतीची, जिला वायरमन मंडळी ‘अर्थ’ म्हणतात (या शब्दानें माझ्यासारख्याचा क्षणभर घोंटाळा होतो), आणि तिसरींतून निरोप परत जातो. निरोपाची भाषा सरळ आहे. दाब वाढला कीं व्होल्ट वाढतात.

गॅरेजांतील कागद मीं घरीं आणून चष्मा पुसून वाचला. आंकडा होता ‘पी ०१९२’. त्यापुढील इंग्रजी मजकुराचा अक्षरशः अर्थ असा: ‘रेलदाबाच्या सेन्सरचें मंडल, निवेश अल्प’. चाळीस वर्षें मुलांना विशेषण आणि विशेष्य यांची जोडी लावावयास शिकविल्यामुळें मी तेथेंच थबकलों. ‘अल्प’ हें विशेषण कोणाचें? दाबाचें? तसें तेथें कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. अल्प होता तो निवेश, म्हणजे संगणकाच्या दारीं पोंचलेला निरोप. पुढें चौकशी करतां कळलें कीं, खरोखर दाबच कमी पडल्यास त्याला ‘पी ००८७’ असा अगदीं निराळा आंकडा नेमून दिलेला आहे. मीं गॅरेजवाल्यास हा भेद दाखविला, तेव्हां तो हंसून म्हणाला, "एकच हो, सर." आतां व्याकरण शिकविणाऱ्यास ‘एकच’ म्हणणें म्हणजे काय, तें व्याकरण शिकविणाऱ्यासच कळेल.

मध्यंतरीं पुतण्यानें मोबाईलशीं बिनतारी बोलणारें एक लहानसें उपकरण घरबसल्या मागवून पाठविलें. तें गाडीच्या खोबणींत चपखल बसलें, पण गाडी त्याच्याशीं एक अक्षर बोलेना. कारण साधें आहे. आपल्या देशांत गाडीनें आपलें दुखणें ठराविक सामाईक भाषेंतच सांगावें हा नियम टप्प्याटप्प्यानें, २०१० आणि २०१३ सालीं लागू झाला. त्यापूर्वींच्या गाड्या आपापल्या कारखान्याची घरगुती बोली बोलतात. तेव्हां जुनी गाडी असणाऱ्यांनीं स्वस्त उपकरण घेण्यापूर्वीं आपल्या गाडीची बोली त्यास येते काय याची खात्री करावी.

अखेर मलकापूरच्या बाजूस एक वृद्ध वायरमन आहेत, त्यांच्याकडे गाडी नेली. सारे त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांनीं बॉनेट उघडण्यापूर्वीं अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. एखाद्या चांगल्या वैद्याची आठवण व्हावी असे प्रश्न! बंद पडली तेव्हां थंड होती कीं तापलेली? कितव्या गिअरांत होती? एकदम थांबली कीं रखडत? पुन्हां सुरू व्हावयास किती वेळ लागला? शेवटल्या प्रश्नाचें मर्म त्यांनींच उलगडलें. इंजिनाच्या फिरण्याची गति सांगणारा एक सेन्सर असतो. त्यांतील बारीक तारेचें वेटोळें जुनें झालें कीं तापल्यावर तुटतें आणि थंड झाल्यावर जुळतें. तसें असतें तर गाडी अर्धा तास निवल्याखेरीज सुरू झाली नसती. आमची मिनिटांत सुरू झाली; म्हणून तो संशयित बाजूस.

नंतर इंजेक्टर. प्रत्येक इंजेक्टर थोडें डिझेल परत पाठवितो. झिजलेला असला तर पुष्कळ पाठवितो. मिस्त्रींनीं चार परतनळ्या चार खुणेच्या बाटल्यांत सोडून इंजिन चालविलें. चारहि बाटल्यांची पातळी जवळजवळ सारखी. १ लाख ४० हजारांपैकीं मोठा भाग त्या चार बाटल्यांनीं तेथल्या तेथें वाचविला, आणि ही परीक्षा आधींच्या ठिकाणीं कोणी केलीच नव्हती. मग आपला स्कॅनर लावून, मला शेजारीं बसवून, त्यांनीं गाडी महामार्गावर पिटाळली. संगणक मागत होता तो दाब आणि रेलमध्यें मिळत होता तो दाब, हे दोन आंकडे १३०० बारच्या वर गेले तरी हातांत हात घालून चालले होते. थकलेल्या पंपाचें हें लक्षण नव्हे.

परत आल्यावर त्यांनीं इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरविली आणि सेन्सरच्या निरोपाच्या तारेस मल्टिमीटर लावला. (जुन्या वायरमनांचा टेस्ट-बल्ब येथें चालत नाहीं, तो इतका प्रवाह ओढतो कीं संगणकास इजा होण्याचें भय.) कांटा नव्हे, आंकडा आला: ०.५.

"बघा गुरुजी," मिस्त्री म्हणाले, "इंजिन बंद हाय, रेलमधी दाब शून्य हाय, तरी ह्यो अर्धा व्होल्ट बोलतोय. दाब पार गेला तरी अर्धा बोलणारच. आन् तुमचा कोड आलाय तो त्याच्याबी खालचा. म्हंजे दाब कमी न्हाई झाला, निरोपच तुटला."

त्या दोन वाक्यांनीं माझ्या डोळ्यांपुढील पडदा सरला. शून्य सांगणें आणि न सांगणें यांत केवढें अंतर! ज्यानें हा सेन्सर घडविला त्यानें जाणूनबुजून शून्य दाबालाहि अर्ध्या व्होल्टाची वाचा दिली आहे, ती एवढ्याचसाठीं कीं साक्षीदार ‘कांहीं नाहीं’ म्हणतो आहे कीं त्याचें तोंडच बंद झालें आहे हें कारभाऱ्यास ओळखतां यावें. संगणकानें तें ओळखलें होतें आणि तसें स्पष्ट लिहिलेंहि होतें. चुकला तो वाचणारा.

तथापि निरोप तुटतो कोठें, आणि घाटांतच कां, हें उरलेंच होतें. लहानपणीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकलों, तेव्हां ‘उपाधि’ म्हणून एक प्रकरण होतें. धूर दिसला तर तेथें अग्नि आहे हें अनुमान निर्दोष. परंतु अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हें अनुमान टिकत नाहीं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असूनहि धूर नसतो. धुरासाठीं मध्यें ओल्या सर्पणाची अट दडलेली असते. ती दडलेली अट म्हणजे उपाधि. ‘घाट आला कीं गाडी बंद पडते’ येथें ओलें सर्पण कोणतें? गॅरेजवाला म्हणाला, दाबाची मागणी. परंतु महामार्गावर तेवढीच मागणी असूनहि गाडी बंद पडली नाहीं. तेव्हां तो हेतु तेथेंच गळाला. घाटांत आहे आणि सपाटीवर नाहीं असें दुसरें काय? मीं हें शास्त्र मिस्त्रींना ऐकविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "इंजिन हलतं, गुरुजी."

पहिल्यादुसऱ्या गिअरांत जोर लागतो तेव्हां इंजिन चाकांना जितकें पिळतें तितकेंच स्वतः उलट बाजूस कलतें. वरच्या गिअरांत, सपाटीवर, हा कल फार थोडा. मिस्त्रींनीं चारहि चाकांना लांकडी ठोकळे लावले, गाडीच्या पुढें कोणास उभें राहूं दिलें नाहीं, सूनबाईस बसवून हातब्रेक व पायब्रेक दोन्ही लावावयास सांगितले, आणि पहिल्या गिअरांत क्लच अगदीं किंचित् सोडावयास सांगितला. मल्टिमीटर आतां ५ व्होल्टांच्या शिध्याच्या तारेवर होता. इंजिन एका कुशीवर कललें, ५.० चे एकदम ०.२ झाले, आणि गाडी कुंभार्लीत थांबली होती तशीच थांबली. सूनबाईच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलें.

हा ५ व्होल्टांचा शिधा एकट्या दाबसेन्सरचा नसतो. त्याच तारेवर आणखी भावंडें जेवतात. कोणत्या गाडींत कोण कोणाच्या पंक्तीस बसतो हें वायरिंगच्या नकाशावरून पाहावें लागतें. एखादें भावंड आंतून जळून सगळा शिधा गिळून टाकीत असेल तर सर्वच उपाशी राहतात. म्हणून मिस्त्रींनीं एकेकाचा कनेक्टर काढून तीच परीक्षा पुन्हां पुन्हां केली. सारीं भावंडें उठविलीं तरी इंजिन कलतांच आंकडा पडतच राहिला. दोष पंक्तींतील कोणाचा नव्हता, वाढणाऱ्याच्या वाटेंतला होता.

मग इंजिनाच्या मागल्या बाजूनें जाणाऱ्या वायरिंगच्या जुडग्यावरची काळी पट्टी त्यांनीं वीतवीत उलगडली. एका लोखंडी पट्टीच्या कडेवर जुडगा ताणून बसला होता, आणि तेथें एका तारेवरचें आवरण झिजून तांबें उघडें पडलें होतें. लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. इंजिन कललें कीं तें तांबें लोखंडास टेकावयाचें आणि शिधा सगळा परस्पर ‘अर्था’स जावयाचा. किल्ली बंद करून इंजिन सरळ झालें कीं स्पर्श सुटावयाचा. पांच वेळां धोंडा लावण्याचें सारें कारण तें.

तार सांधून, झाळून, वर नवें आवरण चढवून जुडगा दुसऱ्या वाटेनें बांधला, आणि मला वाटलें काम संपलें. मिस्त्री मात्र इंजिनाखालीं आडवे झाले. बाहेर येऊन म्हणाले, "माउंटिंग बसलंय एका बाजूचं. म्हनून एवढं कलतंय. ते न्हाई बदललं तर दुसरी तार कापंल."

हें ऐकून मी गप्प झालों, त्याचें कारण सांगावयास संकोच वाटतो. पण येथवर आल्यावर लपविण्यांत अर्थ नाहीं. माउंटिंग म्हणजे इंजिन ज्यावर ठेवलेलें असतें तो रबराचा जाड ठोकळा. २०२३ सालीं नोंदणीच्या तपासणीपूर्वीं आमच्या आळींतील मेकॅनिकनें, जो दादांच्या वेळेपासून गाडी पाहत आला होता, मला हेंच सांगितलें होतें. खर्च २२०० रुपये. मीं चारचौघांदेखत त्याला म्हटलें कीं, दादा गेले म्हणून आतां बिलें फुगवूं लागलास काय? तो कांहीं बोलला नाहीं. तेव्हांपासून गाडी दुसरीकडे जाऊं लागली, आणि तो रस्त्यांत भेटला तर नमस्कार करी, पण थांबत नसे.

मिस्त्रींनीं दिवसभराच्या श्रमाचे आणि सामानाचे मिळून ३५०० रुपये घेतले. माउंटिंग त्यांनाच बसवूं दिलें असतें तरी चाललें असतें. मीं गाडी आळींत आणावयास सांगितली आणि सकाळीं स्वतः त्या मेकॅनिकच्या दारीं गेलों. काय झालें तें सर्व सांगितलें. तार कोठें कापली, कां कापली, आणि दोन वर्षांपूर्वीं मी काय बोललों तेंहि. त्यानें हात पुसले, खालीं वांकून पाहिलें, आणि म्हणाला, "आतां २६०० पडतील गुरुजी. भाव वाढलेत."

मे महिन्यांत पुन्हां गुहागरास जाऊन आलों. येतांना कुंभार्लीच्या त्या वळणावर सूनबाईनें दुसरा गिअर टाकला तेव्हां गाडींत कोणी बोलत नव्हतें. आत्याबाईंचा जप सुद्धां थांबला होता. इंजिन एकसुरांत वर चढलें आणि हेळवाक आलें. वहिनींनीं तेथें गाडी थांबवून सर्वांना चहा पाजला. धोंडा मात्र अजून मागच्या आसनाखालीं आहे. आत्याबाई तो काढूं देत नाहींत.